समेटासाठी आधी कोणी निघावे?

घरोघरी मातीच्याच चुली, तेव्हा भांडणे ही व्हायचीच. खरा प्रश्न असतो तो पहिले पाऊल कोणी टाकावे हा. ज्याची चूक त्याने यावे, असा लोकव्यवहार आहे. आणि दोघांनाही दुसऱ्याचीच चूक दिसत असल्यामुळे दोघेही आपापल्या उंबऱ्यावर बसून राहतात. मग भावाभावांतला अबोला मुलाबाळांच्या वाट्याला येतो. ख्रिस्ती धर्मविचाराने याविषयी कोणता मार्ग दाखविला आहे, तो आपण पाहू.

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन सूचना आढळतात. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण वाहताना आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. अठराव्या अध्यायात दुसरी बाजू आहे : भावाने आपला अपराध केला असेल, तरी आपणच त्याच्याकडे जावे. दोन्ही सूचना एकत्र वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, अपराधी असो वा दुखावलेला असो, प्रत्येकाने स्वतःच निघायचे आहे. दोघांनीही हे पाळले, तर त्यांची गाठ वाटेतच पडेल!

जाण्याची रीतही सांगितली आहे. प्रथम एकट्याने, एकांतात बोलावे. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे. तेही निष्फळ झाले तरच मंडळीला सांगावे. आपला क्रम नेमका उलटा असतो. आधी आळीला कळते, मग नातलगांना, आणि ज्याच्याविषयी तक्रार त्याला सर्वांत शेवटी, तेही तिखटमीठ लावून. चारचौघांत मनुष्य आपली अब्रू राखू पाहतो. एकांतात चूक कबूल करणे त्याला सोपे जाते.

याच अध्यायात कर्जदार चाकराचा दृष्टांत आहे. धन्याने त्याचे १०,००० टॅलेंटांचे ऋण माफ केले. त्याने मात्र सोबत्याला १०० दीनारांसाठी तुरुंगात घातले. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी ज्याला सुटली, त्याला शंभर दिवसांची सोडवेना. ख्रिस्ती क्षमेचे मूळ येथे आहे : ती उपकार म्हणून करावयाची नसून, स्वतःला मिळालेली पुढे द्यावयाची असते.

परंतु क्षमा म्हणजे अन्याय निमूट सोसणे नव्हे. लूकच्या सतराव्या अध्यायात अपराध्याची कानउघाडणी करण्यासही सांगितले आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगणे हा या शिकवणीचा विपर्यास होय. तिने एकटीने समजूत घालीत बसू नये. आधी तिला सुरक्षित जागा आणि कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला मात्र दोघे लागतात, आणि अपराध्याचे वर्तन पालटावे लागते.

शिवाय प्रत्येक तंटा लगेच मिटतो असेही नाही. मार्काला सोबत न्यावे की नाही, यावरून पौल व बर्णबा यांच्यात कडाक्याचे भांडण झाले आणि दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असे पौलाच्या नावे लिहिलेले आहे. वाटा वेगळ्या झाल्या तरी दार उघडे ठेवता येते. आपल्या घरात जे दार लावले गेले असेल, त्याची निदान कडी तरी आपण आतून काढून ठेवू या.