मीटरवर फक्त अठरा हजार: जुन्या मोटरसायकली आणि उरलेल्यांचा नमुना

मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनी गाडी सापडणं नवलाचं नाही. राजदूत, येझदी, आरएक्स १००, क्वचित एखादी बुलेट. ताडपत्री उचलून मीटर बघितलंत तर बऱ्याचदा कोड्यात पडाल. गाडी ३५ वर्षांची आणि आकडा अठरा-वीस हजारांचा! जुन्या गाड्यांच्या बाजारातही हेच चित्र दिसतं. असं का? प्रश्न छोटा आहे, पण संशोधनाला सुरुवात करताना ज्या खड्ड्यांत पाय जातो, ते जवळपास सगळे या एका प्रश्नात आहेत. म्हणून आज तोच घेऊ.

आधी शब्द पक्का करा

आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटलं की लिटरला किती जाते, म्हणजे ॲव्हरेज, असं समजतात. इथे मायलेज म्हणजे रनिंग, गाडी एकूण किती किलोमीटर पळाली ते. दोन माणसं एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींवर तासभर वाद घालू शकतात. प्रश्नावली छापायच्या आधी प्रत्येक संज्ञेचा अर्थ एका वाक्यात लिहून काढा, तो याचसाठी.

पहिलं उत्तर: गाड्या कमीच पळायच्या

हे उत्तर लगेच सुचतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या चाकरमान्याने गावी ठेवलेली गाडी घ्या. समजा गणपतीचे १० दिवस, शिमग्याचे ८ आणि मे महिन्यातले २०, असे वर्षाला ३८ दिवस ती वापरली जाते, रोज सरासरी १५ किलोमीटर. वर्षाचे ५७० किलोमीटर झाले. ३५ वर्षांत १९,९५०. आकडा बरोबर जुळला!

आकडा जुळला की आपण खूश होतो आणि तिथेच थांबतो. पण एक स्पष्टीकरण जुळतं याचा अर्थ तेच एकमेव आहे, असा होत नाही. त्याच गावात रोज बाजारपेठेत जाणारे दूधवाले होते, शिक्षक होते, पोस्टमन होते. रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ६,००० किलोमीटर होतात. त्यांच्या गाड्या कुठे गेल्या?

दिसतात त्या फक्त उरलेल्या

त्या गेल्या भंगारात. रोज चालणाऱ्या गाडीचं इंजिन बोअर करावं लागतं, चेन-स्प्रॉकेट झिजतं, अपघात होतात. कोकणातला पाऊस आणि खारी हवा उरलंसुरलं काम करते. एका टप्प्याला दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि गाडी किलोच्या भावाने जाते.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा ३५ वर्षांपूर्वी १०० गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या ८० रोज चालणाऱ्या, २० क्वचित चालणाऱ्या. रोजच्यांपैकी ५ टक्के टिकल्या, म्हणजे ४. क्वचितवाल्यांपैकी ५० टक्के टिकल्या, म्हणजे १०. आज तुम्हाला १४ गाड्या दिसतात आणि त्यातल्या १० कमी रनिंगच्या आहेत. म्हणजे ७१ टक्के! मूळ प्रमाण होतं २० टक्के. कोणी खोटं बोललं नाही, कोणी काही लपवलं नाही. नमुना आपोआप गाळला गेला.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. याचं प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने परतलेल्या विमानांवरच्या नुकसानीवरून, न परतलेल्या विमानांबद्दल काय म्हणता येईल याचं गणित मांडलं. परतलेल्या विमानांवर जिथे भोकं कमी, तिथे मार बसलेली विमानं बहुधा परतलीच नव्हती. हेच वाल्ड पुढे १९५० च्या डिसेंबरमध्ये भारतात आले असताना निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात गेले.

मीटर खरं बोलतंय का?

जुन्या बहुतेक गाड्यांचं मीटर चाकापासून येणाऱ्या केबलवर चालतं. केबल तुटली की आकडा थांबतो, गाडी मात्र पळत राहते. मीटर बदललं की मोजणी पुन्हा शून्यापासून. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर ००००० वर येतं, म्हणजे १,१८,००० किलोमीटर पळालेली गाडी १८,००० दाखवते. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर आकडा मैलात असतो. तिथले २०,००० म्हणजे ३२,००० किलोमीटरच्या वर. आणि विकण्यासाठी मुद्दाम मीटर मागे फिरवणारेही असतातच.

या सगळ्या चुका एकाच बाजूला झुकतात, आकडा कमी दाखवण्याकडे. उलट दिशेची चूक शोधायला गेलात तर लहान घेराचं टायर बसवलं तर मीटर थोडं जास्त दाखवेल, एवढंच हाती लागतं. दोन्ही बाजूंना विखुरलेल्या चुका नमुना वाढवला की एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात. एकाच दिशेच्या चुका, म्हणजे सिस्टिमॅटिक एरर, तशा जात नाहीत. ५० ऐवजी ५,००० गाड्या मोजल्यात तरी उत्तर तेवढंच चुकीचं येईल, फक्त तुमचा आत्मविश्वास वाढेल.

मग करायचं काय? दुसरा पुरावा शोधायचा. मेकॅनिकने इंजिन उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा दिसतो. दोनदा बोअर झालेलं इंजिन आणि मीटरवर १८,००० हे सहसा जुळत नाही. एकाच गोष्टीकडे दोन स्वतंत्र बाजूंनी बघणं, यालाच आपल्या पुस्तकांत ट्रँग्युलेशन म्हणतात.

कारण कोणतं, परिणाम कोणता?

अजून एक गुंता आहे. गाडी जुनी होऊनही कमी पळालेली, म्हणून ती जपली गेली? की जपायची ठरवली, म्हणून पळवणं थांबलं? दोन्ही घडतं. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. म्हणजे त्या शिक्क्यानंतर रनिंग वाढणं जवळपास थांबतंच.

हे तुमच्या प्रबंधात कुठे येणार?

समजा तुमचा विषय आहे मंडणगडमधून होणारं स्थलांतर. तुम्ही २०० घरांत जाता आणि निष्कर्ष काढता, ‘मुंबईला गेलेले लोक गावाशी नातं टिकवून आहेत, पैसे पाठवतात, गणपतीला येतात.’ पण ज्या घरांना कुलूप आहे, तिथे तुमची प्रश्नावली कोणी भरली? ज्यांचं नातं तुटलं, ते नेमके तुमच्या नमुन्यात नाहीत. असा अहवाल वाचून कोणी ‘इथल्या म्हाताऱ्या माणसांना आधार आहे’ असं ठरवलं आणि एखादी योजना आखलीच नाही, तर त्याची किंमत गावात एकट्या राहिलेल्या आजीला मोजावी लागेल.

उपाय एकच, आज उरलेल्यांपासून सुरुवात करू नका, मूळ यादीपासून करा. गाड्यांसाठी त्या वर्षी आरटीओत नोंदलेल्या गाड्यांची यादी घ्या आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते शोधा. स्थलांतरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या, त्यात बंद घरंही असतात. किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमधून १९९० सालची पहिली घ्या आणि ती मुलं आज कुठे आहेत ते शोधा. वेळ जास्त लागेल, काही जण सापडणार नाहीत. न सापडलेल्यांचा आकडाही प्रबंधात छापा, तोही निष्कर्षाचा भाग आहे.

आता वही घ्या आणि तुमच्या विषयासाठी दोनच ओळी लिहा: माझ्या नमुन्यात येण्यासाठी माणसाला किंवा वस्तूला आधी काय काय पार करावं लागलं? आणि जे पार करू शकले नाहीत, त्यांची यादी कुठल्या कपाटात असेल? गाइडला भेटायला जाताना ही दोन उत्तरं बरोबर न्या.