पगारपत्रक चावडीवर लागू द्या

गोदेच्या काठचे सायखेडा हे निफाड तालुक्यातील बाजाराचे गाव. येथे कांद्याचा लिलाव चारचौघांसमक्ष पुकारला जातो. भाव काय फुटला हे शेतकऱ्यास, अडत्यास व हमालास एकाच वेळी कळते, म्हणूनच त्या भावावर सर्वांचा विश्वास बसतो. जो न्याय कांद्याच्या गोणीस, तोच सार्वजनिक तिजोरीस का नसावा, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

मुनीमास पगार किती हे मालकास ठाऊक नाही, असे दुकान आमच्या व्यापारी वाचकांनी कधी पाहिले आहे काय? ग्रामसेवक, शिक्षक व तलाठी यांचे वेतन ज्या करांतून निघते ते कर भरणारा नागरिक हाच येथे मालक होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर सतरा बाबी आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन ही त्यांतील दहावी बाब आणि अंदाजपत्रक ही अकरावी. त्यासाठी कोणी अर्ज करावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. सूचनाफलक, वर्तमानपत्रे व जाहीर घोषणा ही प्रसिद्धीची साधनेही कायद्यातच सांगितली आहेत.

यावर कोणी म्हणेल की, पगार ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. हा आक्षेप आम्ही तुच्छ मानीत नाही. नोकराचा आजार, त्याचे बँकखाते, त्याचे घरगुती कर्ज यांत डोकावण्याचा अधिकार कोणासही नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील खासगी माहितीविषयीचे उपकलम अधिक कडक केले, हेही खरे. परंतु कलम ४ मधील वेतनाची बाब त्याने वगळलेली नाही. ज्या पदाचा पगार लोकांच्या पैशातून दिला जातो, तो लोकांपासूनच लपविणे याला खासगीपणा म्हणता येत नाही.

शिवाय या प्रसिद्धीने प्रामाणिक नोकराचे नुकसान होत नाही. झाला तर लाभच होतो. मोठ्या पगाराच्या ओळीखालीच पाणी सोडणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळ लागली, त्याचे वेतन किती व किती महिने थकले हे गावाने वाचले, म्हणजे त्याच्या बाजूने बोलणारी चार माणसे आपोआप उभी राहतील. अंधाराचा फायदा बलवानास होतो, दुर्बलास नव्हे.

शाळेची गोष्टही अशीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत. पट किती, मंजूर पदे किती, भरलेली किती, हे तीन आकडे शाळेच्या दारावर लिहावयास खडूचा एक तुकडा पुरे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे त्या समितीचे कर्तव्य ठरविले आहे. आकडेच न पाहता देखरेख करावी कशी?

नामदार गोखले यांनी १९०२ साली कायदेकौन्सिलात परकी सरकारचेच आकडे पुढे मांडून दाखवून दिले की, तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जादा कराची आहे. परसत्तेस जाब विचारण्यासाठी जे शस्त्र उपयोगी पडले, ते स्वराज्यात गंजू देणे आम्हांस शोभत नाही.

तेव्हा सायखेडकरांस आमची सूचना इतकीच आहे. पुढील ग्रामसभेत वेतन, अंदाजपत्रक व शाळेचा पट हे तिन्ही तक्ते दर तिमाहीस फलकावर लावण्याचा ठराव मांडावा. तक्ते लागले तर थांबून वाचावेत. न लागले तर का लागले नाहीत, असे सभेत उभे राहून विचारावे. कायदा फलकापर्यंतच येऊ शकतो. वाचण्याचे काम नागरिकाचेच आहे.