हजेरीपटावरील जुने नाव

गतवर्षी कडोदऱ्यातील आमच्या घरच्या संगणकाने एक विचित्र खोड धरली. तो सुरू केला की पडद्यावर दोन नावे उमटत : 'विंडोज १०' आणि पुन्हा 'विंडोज १०'. एक निवडले तर काम चाले; दुसरे निवडले तर चूक दाखवून यंत्र थांबे. एका जाणकाराने सल्ला दिला, "सगळे पुसून नव्याने भरा." परंतु त्यातच मुलांची छायाचित्रे आणि माझी दहा वर्षांची टिपणे होती. म्हणून आधी कारण शोधावे असे ठरविले.

संगणक सुरू होण्यास 'बूट' होणे म्हणतात. बुटाचा पट्टा धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या 'बूटस्ट्रॅप' या शब्दावरून तो आला. प्रथम एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो एक यादी वाचतो आणि मोठ्या प्रणालीला हाक मारतो. विंडोज एक्सपीत ही यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असे. २००७ साली विक्रीस आलेल्या व्हिस्टापासून ती निराळ्या साठ्यात असते.

ही यादी म्हणजे वर्गाचा हजेरीपटच होय. आम्ही विंडोज दुसऱ्या विभागात नव्याने भरली आणि जुना विभाग पुसला. नाव मात्र पटावर राहिले. मुलगा शाळा सोडून गेला तरी गुरुजी त्याला हाक मारीतच राहावेत, तसे हे झाले. पटावरील नाव खोडल्याने कोणास इजा होत नाही. मात्र हजर मुलाचेच नाव खोडले तर तो दाराबाहेर राहतो.

म्हणून क्रम पाळावा. प्रथम महत्त्वाच्या फाईलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. चालणाऱ्या नावाने संगणक सुरू करावा. विंडोजची कळ व 'आर' एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' हे नाव इंग्रजीत लिहावे आणि 'बूट' हे पान उघडावे. ज्या नावापुढे 'करंट ओएस' असेल ते चालू नाव. त्यास हात लावू नये. दुसरे निवडून 'डिलीट' करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. खात्री नसेल तर काहीच खोडू नये. चालणारे नाव 'डिफॉल्ट' करून मूळची ३० सेकंदांची प्रतीक्षा कमी करावी, एवढे पुरते.

एक इशारा. सोबत लिनक्स असेल, उदाहरणार्थ सी-डॅक या आपल्या राष्ट्रीय संस्थेची 'बॉस', तर बहुधा 'ग्रब' हा तिचा द्वारपाल दाराशी असतो. विंडोजला तिचे दार परत देण्यापूर्वी लिनक्सचा विभाग पुसला, तर दोन्ही दारे बंद होऊ शकतात.

आमच्या घरी हे काम पाच मिनिटांत झाले. छायाचित्रे आणि टिपणे जागच्या जागी राहिली. पुसण्यापूर्वी आपण नाव पुसतो आहोत की वस्तू, एवढे विचारावे. हा प्रश्न संगणकाबाहेरही उपयोगी पडेल.