विश्लेषण : बंपर चेपला, पण इंजिनाचे काय? किरकोळ धडकेनंतर छोटी मोटार कशी तपासावी?

उसाचा हंगाम सुरू झाला, की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली अचानक थांबते, मागच्या मोटारीचा ब्रेक क्षणभर उशिरा लागतो आणि हलकी धडक बसते. कोणाला इजा होत नाही. बंपर चेपतो, एखादा दिवा फुटतो, थोडी बाचाबाची होते आणि ‘गाडी सुरू तर होतेय’ म्हणून पुढे काढली जाते. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर मात्र तीच गाडी गरम होऊन बंद पडते. अशा वेळी मोठा खर्च धडकेमुळे कमी आणि धडकेनंतर कापलेल्या अंतरामुळे जास्त होतो. हे का घडते आणि ते कसे टाळता येते, याविषयी...

हलक्या धडकेचा फटका आत कसा पोहोचतो?

छोट्या मोटारीत बंपरच्या मागे जागा फार थोडी असते. बंपरच्या प्लास्टिकमागे एक आडवी पट्टी, तिच्यामागे एसीचा कंडेन्सर, त्याला खेटून रेडिएटर, मग पंखा आणि त्यामागे आडवे बसवलेले इंजिन, अशी दाटीवाटीची रचना असते. बंपरचे प्लास्टिक लवचीक असल्याने दाबले जाऊन पुन्हा जागेवर येते. त्यामुळे बाहेरून फक्त ओरखडा दिसतो आणि आत रेडिएटरची टाकी तडकलेली असू शकते.

बंपर किती धक्का सोसतो, हे समजण्यासाठी युरोपातील आर-४२ हा नियम पाहता येईल. त्यातील समोरच्या धडकेची चाचणी ताशी अवघ्या ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने होते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी २० किलोमीटरच्या धडकेत ती ४ किलोमीटरच्या तुलनेत २५ पट असते. ‘वेग तर काहीच नव्हता’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

वाहनांच्या चाचण्या घेणारी डीआरडीओची ‘व्हीआरडीई’ ही संस्था अहिल्यानगरमध्येच आहे. मात्र आपल्याकडील समोरच्या धडकेची सक्तीची चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाने होते आणि तिचा मुख्य हेतू आतील माणसे वाचतात का, हे पाहणे हा आहे. माणसे वाचावीत यासाठी गाडीचा पुढचा भाग चेपणे अपेक्षितच असते. एअरबॅग उघडली नाही, याचा अर्थ आत काही तुटले नाही, असा होत नाही.

किल्ली फिरवण्यापूर्वी काय पाहावे?

आधी माणसे पाहावीत. कोणाला लागले असेल तर ११२ वर कळवावे. गाडी शक्य तितकी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि धोक्याचे दिवे लावावेत. सीएनजीची गाडी असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर सर्वांनी गाडीपासून लांब व्हावे आणि गाडी पुन्हा सुरू करू नये. टाकीची हाताने बंद होणारी चावी सुरक्षितपणे हाताशी येत असेल, तरच बंद करावी.

त्यानंतर गाडीखाली पाहावे. प्रवासी बाजूला टपकणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी बहुधा एसीचे असते. हिरवा, गुलाबी किंवा लाल, बोटांना बुळबुळीत लागणारा द्रव म्हणजे कूलंट. काळपट-तपकिरी आणि तेलकट असेल, तर ते इंजिन ऑइल. यांपैकी काहीही गळत असेल, तर गाडी तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

गळती नसेल तर बॉनेट उघडून चार गोष्टी तपासाव्यात. कूलंटच्या बाटलीतील पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मधे आहे का? पंख्याचे पाते कशाला घासते आहे का? पट्टा जागेवर आहे का? आणि एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा जाड पाइप निखळला आहे का? हे पाहताना इंजिन बंद असले, तरी हात पंख्यापासून दूरच ठेवावा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

गाडी सुरूच होत नसेल तर?

येथे कान उपयोगी पडतात. सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला किंवा काहीच आवाज आला नाही, तर बॅटरीचे टर्मिनल ढिले होणे किंवा मुख्य फ्यूज उडणे ही शक्यता आधी तपासावी.

सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा पेट्रोलचा पंप तपासावा. बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’ केली, की मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती ऐकू येत नसेल, तर फ्यूज, रिले किंवा वायर यांकडे संशय जातो. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या मॉडेलांत धक्का बसताच पेट्रोल तोडणारे स्विच असते. ते बटण पुन्हा दाबले, की गाडी सुरू होते. अनेक नव्या गाड्यांत एअरबॅग उघडल्यावर संगणकच पंप बंद करतो. मात्र पेट्रोलचा वास येत असेल, तर हे स्विच चुकूनही दाबू नये. आग टाळण्यासाठीच ती सोय आहे.

गाडी सुरू होते, पण ‘मिसिंग’ करते, थरथरते...

रेस आपोआप वर-खाली होणे, पिकअप न मिळणे, ही लक्षणे बहुधा हवेच्या पाइपशी किंवा सेन्सरच्या वायरशी जोडलेली असतात. पाइप निखळला, की इंजिनात हिशेबाबाहेरची हवा शिरते आणि पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते. इग्निशन कॉइलचा प्लग अर्धवट निघाला, की एक सिलिंडर काम करीत नाही. ही दोन्ही कामे अनेकदा काही मिनिटांत होतात.

गिअर टाकताना ‘धप्प’ आवाज येतो, उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरते, असे असेल तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे रबरी माउंटिंग, तुटले आहे का ते पाहावे. यात इंजिनाच्या आत बिघाड नसतो. मात्र तसेच चालवत राहिल्यास नळ्या आणि एक्सलवर ताण येतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

गाडी तापणे. छोट्या मोटारीत कूलंट चार-पाच लिटरच्या आसपास असते आणि इंजिनाचे नेहमीचे तापमान साधारण ९० अंश सेल्सिअस राहते. रेडिएटरला बारीक तडा असेल, तर गाडी थंड असताना गळती दिसत नाही. इंजिन तापून कूलंटवर दाब आला, की ती सुरू होते. म्हणूनच गाडी अपघाताच्या जागी ठीक वाटते आणि पुढच्या गावात उकळते.

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा थंड इंजिनासाठी आणि लाल दिवा अति तापलेल्या इंजिनासाठी असतो. त्यातही एक मेख आहे. सेन्सर कूलंटचे तापमान मोजतो. कूलंटच संपले, तर सेन्सरभोवती हवा किंवा वाफ राहते आणि तो खरे तापमान दाखवेलच असे नाही. दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते. अति उष्णतेने ते वाकते आणि हेड गॅस्केट उडते. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइलला दुधाच्या कॉफीसारखा रंग येतो. लाल दिवा दिसताच गाडी बंद करावी. झाकण लगेच उघडू नये, उकळते कूलंट अंगावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. बॅटरीचा दिवा लागला आणि गाडीही तापू लागली, तर पट्टा निघाल्याची शक्यता मोठी असते. अनेक इंजिनांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालतो. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. चेंबर फुटले असेल, तर काही मिनिटांत इंजिन जाम होते.

स्कॅनर काय सांगतो?

भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारींना ‘ओबीडी-२’ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला, की संकेत वाचता येतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, पी०४८० म्हणजे पंख्याच्या सर्किटमध्ये दोष.

मात्र संकेत दोषाची जागा सांगतो, कोणता सुटा भाग बदलायचा ते सांगत नाही. पी०३३५ आला म्हणून लगेच नवा सेन्सर घेण्याचे कारण नाही. धडकेत तुटलेली वायर किंवा निघालेला प्लगही तोच संकेत देतो. बारीक तडा, वाकलेले ब्रॅकेट, फाटलेले रबर हे स्कॅनरला दिसत नाही. त्याच्यासाठी डोळे आणि बॅटरीचा उजेड लागतो. संकेत पुसण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. त्यांच्यासोबत त्या क्षणीचा वेग आणि तापमान यांचीही नोंद असते आणि बॅटरी काढली की ती जाऊ शकते. त्या नोंदीवरून बिघाड धडकेचा की आधीपासूनचा, याचाही अंदाज येतो.

विम्याचा काय संबंध?

येथेच अनेकांची फसगत होते. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत एक अट आहे : अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान पूर्णपणे मालकाच्या जोखमीवर. म्हणजे फुटलेल्या रेडिएटरचे पैसे मिळू शकतात, पण तसेच पुढे चालवून उडालेल्या हेडचा दावा नाकारला जाऊ शकतो.

याच पॉलिसीत खासगी मोटार उचलून नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाला भरावे लागतात आणि प्लास्टिक-रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. त्यामुळे फक्त बंपरसाठी दावा करायचा, की ‘नो क्लेम बोनस’ राखायचा, हा हिशेब आत काय तुटले ते कळल्यावरच करावा. दावा करायचा असल्यास कंपनीला आधी कळवावे आणि पाहणी होईपर्यंत भाग सुटे करू नयेत.

गॅरेजमध्ये काय मागावे?

‘बंपर ठोकून द्या’ एवढेच सांगितले, तर तेवढेच काम होते. बंपर काढून आतील भाग पाहण्यास सांगावे. कूलिंग सिस्टीमची दाब-चाचणी मागावी. त्यात हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून तो उतरतो का, हे पाहतात. गाडी उभी असतानाच पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून दाखवण्यास सांगावे. सीएनजी असल्यास टाकीचे पट्टे आणि नळ्या अधिकृत केंद्रातच तपासाव्यात. हे सर्व जॉब कार्डवर लिहून घ्यावे.

अपघाताच्या जागी शंका वाटली आणि रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. राहुरीजवळून नगरला गाडी उचलून आणण्याचा खर्च डोळ्यांत भरतो खरा, पण उडालेल्या हेडच्या कामापुढे तो किरकोळ ठरतो.