४४३ ला कशाने भागायचं?

सावद्यात केळीचा घड भारी की हलका, हे नुसत्या वजनावर कुणी ठरवत नाही. आधी विचारतात, लागवड मृगबागेची की कांदेबागेची? मग त्या हंगामात शेजारच्या बागा कशा उतरल्या तेही बघतात. चहाच्या टपरीवर क्रिकेट निघालं की मात्र हीच माणसं गावसकरचे ५१.१२ आणि तेंडुलकरचे ५३.७८ शेजारी मांडून मोकळी होतात.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी यावर साधी रीत काढली आहे. खेळाडूची सरासरी घ्यायची, तिला त्याच वर्षीच्या त्याच्या लीगच्या सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. १०० म्हणजे चारचौघांसारखा. १९३० साली बिल टेरीने ६३३ संधींत २५४ हिट मारले, सरासरी .४०१. १९६८ साली कार्ल यास्त्रझेम्स्कीचे ५३९ संधींत १६२, म्हणजे .३०१. आकड्यांत टेरी कुठल्या कुठे पुढे. पण टेरीच्या नॅशनल लीगची त्या वर्षीची सरासरीच .३०३ होती! यास्त्रझेम्स्कीच्या अमेरिकन लीगची .२३०, गोलंदाजांनी त्या साली असा धुमाकूळ घातला की पुढच्या वर्षी त्यांचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणावा लागला. भागाकार केला की टेरी १३२, यास्त्रझेम्स्की १३१.

पूर्ण कारकिर्दीसाठी हे वर्षावर्षाने करावं लागतं. दर वर्षीच्या संधींना त्या वर्षीच्या लीग-सरासरीने गुणायचं. साधारण खेळाडूने तेवढ्या संधींत किती हिट मारले असते ते कळतं. टेरीच्या १९३० पुढे १९२ येतात. असे सगळ्या वर्षांचे आकडे बेरजेला घ्यायचे आणि खऱ्या हिटच्या बेरजेला त्या बेरजेने भागायचं. नुसत्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढली, तर दुखापतीत गेलेलं अर्धं वर्ष आणि भरगच्च वर्ष एकाच मापाने मोजलं जातं.

हीच पट्टी मी भाऊसाहेब निंबाळकरांना लावायला घेतली. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या आणि मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. महाराष्ट्र ४ बाद ८२६.

आता भागायचं कशाने? खेळाडूला त्याच्याच सरासरीत मोजायचं नाही, म्हणून ८२६ मधून ४४३ वजा. उरले ३८३, त्यात भांडारकरांचे २०५. बाद झालेले चौघेही बाकीचेच, म्हणजे अवांतर धरून विकेटमागे सुमारे ९६ धावा. हे ऐकून कुणीही म्हणेल, खेळपट्टी पाटा होती. मग काठियावाडकडे बघा: त्याच खेळपट्टीवर सर्वबाद २३८, विकेटमागे २४ सुद्धा नाहीत. एका मोजमापात निंबाळकर आपल्या साथीदारांच्या साडेचार पट, दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्यांच्या अठरापट. गोलंदाजी किती तोलाची, हा प्रश्न दोन्हींत राहतोच. मला पहिलं मोजमाप अधिक प्रामाणिक वाटतं, कारण त्या बाकीच्यांसमोर गोलंदाज तरी तेच होते.

एवढ्या एका सामन्यावर मात्र माझा विश्वास नाही. त्याच हंगामात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, ३८ विकेट, म्हणजे विकेटमागे साडेबासष्ट. त्या साली पुण्यात कुणी शंभर केले, तर ते इतरत्रच्या शंभराइतके धरायला मी तयार नाही.

निंबाळकरांची प्रथम श्रेणीतली सरासरी ४७.९३, धावा ४८४१. कसोटी एकही नाही. त्या ४७.९३ पुढे हंगामाहंगामाने त्यांच्या त्या-त्या वेळच्या संघातल्या बाकी फलंदाजांची सरासरी लिहायची, तर प्रत्येक सामन्याचा धावफलक हवा आणि प्रत्येकातून आधी निंबाळकरांच्या धावा वेगळ्या काढायला हव्यात. १९४८-४९ चा रकाना असा भरला आहे. पुढचे भरताना मुंबईविरुद्धचे सामने मी वेगळ्या ओळीत घेणार आहे.