कागदावर मिश्र माध्यम: बोली लावण्याआधी

भिलाईत चित्रं बघायची तर सिव्हिक सेंटरमधली नेहरू आर्ट गॅलरी आहे. लिलावातून घ्यायची तर मुंबई-दिल्लीच्या लिलावगृहांचे कॅटलॉग मोबाइलवर उघडतात आणि सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये बसून बोलीही लावता येते. चित्राचा फोटो सगळेच बघतात. लॉट क्रमांकाखालच्या बारीक ओळी मात्र फार थोडे वाचतात.

मिश्र माध्यम म्हणजे काय?

एकाच कागदावर शाई, जलरंग, ॲक्रिलिक, कोळसा, चिकटवलेले फोटो, कधी दोराही. ‘मिश्र माध्यम’ एवढं लिहून कॅटलॉग मोकळा होतो, पण घेणाऱ्याला ते पुरेसं नाही. यातला प्रत्येक घटक आपापल्या गतीने म्हातारा होतो. स्केचपेनची शाई उजेडात विटते, वर्तमानपत्राचा तुकडा पिवळा पडतो, पेस्टलची पूड झडते. म्हणून कशावर काय वापरलंय, हे लिलावगृहाला लेखी विचारावं.

कागद स्वस्त का?

नागपुरात 1924 साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं 1979 चं तैलचित्र डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात 23.70 कोटींना गेलं. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणं त्यांना अवघड झालं, तेव्हा ते कागदावर शाईची लहान कामं करू लागले. हात तोच, नजर तीच. पण बाजार कागदाला कॅनव्हासच्या बराच मागे बसवतो. कागद नाजूक, हे त्यामागचं खरं कारण. बाकीचा भाग सवयीचा, आणि बेताच्या खिशाच्या संग्राहकाने त्या सवयीचा फायदा जरूर घ्यावा.

स्थितीचा अहवाल

हा मागितल्याशिवाय बोली लावू नये. त्यात तपकिरी ठिपके, घडी, फाट, जुन्या चिकटपट्टीचे डाग यांची नोंद असते. फ्रेम समोर असेल तर माउंटच्या खिडकीची तिरकी कापलेली कड बघा. ती तपकिरी झाली असेल तर माउंट ॲसिडचा आहे आणि तो चित्राचा कागदही हळूहळू खातोय. घरी आणल्यावर ॲसिडमुक्त माउंट घाला, काच कागदाला टेकू देऊ नका. भिलाईचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा दोन्ही कागदाचे वैरी, तेव्हा ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा.

कागदपत्रं आणि हिशेब

चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी तपासा: गॅलरीचं बिल, प्रदर्शनाची पत्रिका, मागची सही. नुसतं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतो.

हातोडा पडतो तो आकडा शेवटचा नसतो. बोली 1,00,000 रुपयांवर थांबली आणि खरेदीदाराचा प्रीमियम 20 टक्के असला, तर 1,20,000 झाले. वर जीएसटी, पॅकिंग, वाहतूक, विमा. चित्र घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट मिळत नाही, तेव्हा दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर ते परस्पर छापू नये.

पहिली खरेदी

ती लिलावात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून आहे, भिलाईहून एका दिवसात जाऊन येता येतं, आणि तिथे दृश्यकला शिकवली जाते. तिथल्या मुलांची कामं आधी बघा. कागद कुठला, शाई कुठली, हे चित्रकारालाच समोरासमोर विचारता येतं.