आधी खोली, मग वॅट

कामठीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खिडकीतला कूलर दिवसभर घरघरत असतो आणि टीव्हीवरचा संवाद ऐकायचा तर आवाज वाढवत न्यावा लागतो. मग नवे स्पीकर घ्यायची वेळ येते आणि दुकानात निवड ठरते ती खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर. ही कसोटी चुकीची आहे. घरातल्या स्पीकरचं पहिलं काम माणसाचं बोलणं स्पष्ट पोचवणं हे आहे, आणि ते वॅटपेक्षा खोलीवर, स्पीकरच्या जागेवर आणि त्याच्या स्वरांच्या समतोलावर अवलंबून असतं.

आधी आकड्याचंच पाहू. ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत छापलेली शक्ती क्षणभराच्या कमाल क्षमतेचा दावा असतो आणि ती मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. सतत मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यात दिसते. खात्री करायला सोपी युक्ती आहे. ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिलं असेल, तर तो जास्तीत जास्त २४ वॅट वीज देतो. त्यावर चालणारा स्पीकर सतत त्याहून अधिक शक्ती देऊच शकत नाही. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. १ वॅटला १ मीटरवर ८५ डेसिबल देणारा साधा स्पीकर संगणकाच्या टेबलावर १ वॅटमध्येच मोठा वाटतो. म्हणून वॅटइतकंच हे संवेदनशीलतेचं मापही पाहायला हवं.

आता कूलर. त्याच्या पंख्याच्या आवाजात खालच्या पट्टीचा भाग मोठा असतो, आणि मोठा खर्ज आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकतो, हा श्रवणशास्त्रातला जुना अनुभव आहे. बोलण्यातली स्पष्टता मुख्यतः व्यंजनांत असते, आणि ती १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात व त्याहूनही वर ऐकू येतात. त्यामुळे धडधडणारा वूफर कूलरच्या घरघरीत भर घालतो आणि शब्द आणखी बुडतात. त्यात आपल्या खोल्या फरशीच्या, विटांच्या भिंतींच्या. आवाज परावर्तित होऊन घुमतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे सूर भिंतींच्या मापामुळेच फुगतात. वूफर कोपऱ्यात ठेवला, तर ते आणखी फुगतात. सतरंजी, जाड पडदे, गादी यांनी वरचा घुमारा कमी होतो. खर्जासाठी मात्र वूफर कोपऱ्यातून हलवणंच उपयोगी पडतं.

यावर आक्षेप येईल की चित्रपटाला आणि गाण्याला खर्ज लागतोच, आणि अचानक उसळणाऱ्या आवाजांसाठी शक्ती शिल्लक हवी. दोन्ही खरं आहे. म्हणून वूफर असावा, पण त्याच्या पातळीचं वेगळं बटण असलेला. संध्याकाळी चित्रपट पाहताना तो वाढवा, दुपारी कूलर चालू असताना उतरवा. टीव्हीपासून ३ मीटरवर बसणाऱ्या कुटुंबाला टेबलावरच्या श्रोत्यापेक्षा जास्त शक्ती लागते हेही खरं. पण खऱ्या आरएमएस मापातले १५-२० वॅट प्रति स्पीकर बहुतेक घरांना पुरतात. ‘साउंडबार घेतला की प्रश्न मिटला’ असंही म्हटलं जातं. पातळ टीव्हीचे बरेचसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे समोर आवाज फेकणारा बार संवाद सुधारतो. पण संगणकाच्या टेबलावर दोन वेगळे छोटे स्पीकर कानाच्या उंचीला, दोघांत आणि श्रोत्यात सारखं अंतर राखून ठेवले, तर गायक आणि साथीची जागा अधिक नीट कळते.

म्हणून दुकानात वॅट विचारण्याआधी ओळखीचा आवाज ऐका: एखादं बातमीपत्र आणि भीमसेन जोशींचा अभंग, दोन्ही हळू आवाजात. वाक्यातला प्रत्येक शब्द सुटा कळतो का, पखवाज गळ्यावर चढत नाही ना, एवढं तपासा. परत करण्याची सोय आहे का ते विचारा, कारण अंतिम परीक्षा घरच्याच खोलीत, कूलर सुरू ठेवून व्हायला हवी. या परीक्षेत उतरलेला कमी आकड्याचा स्पीकर घ्यावा, आणि वाचलेले पैसे पडद्यावर आणि सतरंजीवर खर्च करावेत.